मी फिरत होतो, पण ओढत नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. पण पंखा म्हटल्यावर लगेच छताकडे बघू नका. मी कुणाला वारा घालत नाही, आणि उन्हाळ्यात माझ्याखाली कुणी अंग टाकून पडत नाही. मी आकाराने दुधाच्या मध्यम बरणीएवढा आहे. अंगात तांब्याच्या तारेचं वेटोळं, मध्ये पाती, आणि दोन टोकांना दोन तोंडं. एका तोंडाने हवा ओढायची, दुसऱ्याने बाहेर टाकायची. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीच्या पोटात मला बसवतात. मी एकाच बोटीत अकरा वर्षं काम केलं. त्या बोटीचं आणि तिच्या मालकिणीचं जे झालं, त्यात माझा वाटा आहे. आजवर तो कुणी माझ्या पदरात घातला नाही, म्हणून मीच तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलापाशी बसून बायका तारा गुंडाळायच्या, पाती बसवायच्या. शेवटच्या टेबलावर चष्मा नाकावर घसरलेली एक बाई होती. ती प्रत्येकाला चालवून बघायची. नवीन आलेल्या मुलीला तिने माझ्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, की हा साधा पंखा नाही, याची मोटर बंद डबीत आहे. जिथे हा बसणार तिथे नखाएवढी ठिणगीसुद्धा चालत नाही. ते ऐकून माझी छाती फुगली. आपण कुणीतरी खास आहोत हे मला तेव्हापासूनच वाटायला लागलं, आणि ते वाटणं पुढे मला नडलं.

मला विकत घेतलं ते एका मिस्त्रींनी. पाण्याकाठी त्यांचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. बोलायला तिखट, हाताने मऊ असा माणूस. ते तेव्हा एक प्रवासी बोट दुरुस्त करत होते. पाण्याच्या अलीकडे वस्ती, शाळा, विटांच्या भट्ट्या. पलीकडे मोठं गाव, दवाखाना, कचेऱ्या. रस्त्याने वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, पाण्यातून वीस मिनिटं. बोट होती एका बाईची. तिला सगळे ताई म्हणायचे, अगदी तिच्याहून वयाने मोठे असलेले शिंपीकाकासुद्धा. वडील थकल्यावर तिने सुकाणू हातात घेतलं होतं. सोबतीला तिचा धाकटा भाऊ. त्याचं घरातलं नाव छोट्या. तो दारातून वाकूनच आत यायचा आणि एका हाताने नांगर उचलायचा, तरी छोट्याच.

मिस्त्रींनी मला इंजिनाच्या खणात, वरच्या अंगाला बसवलं. माझ्या एका तोंडाला घड्याघड्यांची जाड नळी लावली आणि ती इंजिनामागून खाली, पार बोटीच्या तळाशी नेली. दुसऱ्या तोंडाची नळी बोटीच्या कुशीतून बाहेर काढली. मग त्यांनी बहीणभावांना खणापाशी उकिडवं बसवलं.

"पेट्रोलची वाफ हवेहून जड असते," ते म्हणाले. "वर उडून जात नाही. पाण्यासारखी खाली उतरते आणि तळाशी दबा धरून बसते. दिसत नाही. पेलाभर पेट्रोल सांडलं तरी त्याची वाफ अख्खी बोट उडवायला पुरते. हा पंखा ती तळातून ओढून बाहेर फेकतो. म्हणून जीव पंख्यात नाही, या नळीच्या खालच्या टोकात आहे."

शेवटचं वाक्य मला मुळीच आवडलं नाही. सगळी मेहनत माझी आणि जीव म्हणे नळीत!

त्यांनी ताईला क्रम घालून दिला. आधी खणाचं झाकण उघडून वास घ्यायचा. मग पंखा चालू करून घड्याळात बघून चार मिनिटं थांबायचं. मग इंजिन. आणि इंजिन सुरू होईपर्यंत एकही उतारू बोटीत घ्यायचा नाही. ताईने तो क्रम असा धरला, की ऊन असो, पाऊस असो, दवाखान्याची नर्स घाई करत असो, चारची साडेतीन मिनिटं कधी झाली नाहीत. धक्क्यावर उभे असलेले उतारू चेष्टा करायचे. पोस्टमन म्हणायचा, या चार मिनिटांत माझा अर्धा जन्म गेला. शाळेच्या बाई तेवढ्यात वह्या तपासायच्या. ताई हसायची, पण घड्याळावरून नजर हलवायची नाही.

त्या चार मिनिटांत मी गायचो. गुंऽऽ असा माझा आवाज धक्क्यापर्यंत जायचा. तो ऐकला की लोक पिशव्या उचलायचे, पोरांचे हात धरायचे. माझा आवाज म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यांचं ठरून गेलं होतं. आणि मित्रांनो, अकरा वर्षांतली बहुतेक वर्षं ते खरंही होतं. दोनदा तर टाकीत पेट्रोल भरताना सांडलं, खणात वास कोंडला. ताईने झाकण उघडलं, नाकाला पदर लावला आणि मला पाऊण तास चालवलं. मी तळातून ते जहर घोट घोट ओढलं आणि बाहेर वाऱ्यावर सोडून दिलं. दुसऱ्या वेळी शिंपीकाकांनी बोटीच्या कडेवर थाप मारून मला शाबासकी दिली होती.

माझ्याकडे लक्ष होतं, माझ्या नळीकडे नव्हतं. दर वर्षी मिस्त्री माझी जाळी पुसायचे, तारा बघायचे. नळी मात्र इंजिनाच्या मागे, अंधारात. उष्णतेने ती कडक होत गेली. तिला माझ्या तोंडाशी धरून ठेवणारी पट्टी गंजली. मला ती ढिली झालेली जाणवत होती. पण मी तिच्याशी कधी फारसं बोललोच नव्हतो, तिची चौकशी कशाला करू?

मग एक दिवस ती सुटली.

झालं असं, की वारा पडला होता आणि छोट्या धक्क्यावरचा जाडा दोर आवरत होता. नेहमीची दोराची जागा लाइफ जॅकेटांनी भरली होती. त्याने झाकण उघडलं, दोराचं भलंमोठं वेटोळं खणात मागच्या बाजूला टाकलं आणि झाकण लावून तो पुढे गेला. दोर नळीवर पडला. पट्टी तुटली, नळी माझ्या तोंडातून निसटली आणि खाली घरंगळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने मला चालू केलं, तेव्हा मला एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं तळापासून हवा खेचताना अंगावर एक भार असायचा. तो गेला. पाती भिरभिरायला लागली. आवाज बारीक आणि स्वच्छ निघाला. आता मी समोरची, खणाच्या वरच्या भागातली चांगली हवा घेत होतो आणि चांगलीच हवा बाहेर टाकत होतो. तळाला माझा काही संबंधच उरला नव्हता.

ताईने कान दिला आणि भावाला म्हणाली, "पंखा बघ, कसा नव्यासारखा चाललाय."

मी काय केलं सांगू? मी खूश झालो. मला ठाऊक होतं नळी पडली आहे. मला ठाऊक होतं मी नुसता फिरतोय, ओढत काहीच नाही. तरी त्या एका वाक्याने मी फुलून गेलो. नऊ दिवस मी असा फुकटचा गात होतो. त्या नऊ दिवसांत तळात पेट्रोल नव्हतं, म्हणून काही झालं नाही, आणि काही होत नाही म्हणून मीही निर्धास्त होत गेलो. तुम्ही म्हणाल, तुला वाचा नव्हती, तू करणार काय? खरं आहे. पण वाचा असती तर त्या नऊ दिवसांत मी ती वापरली असती का, याची मला खात्री नाही. हेच मला आत कुठेतरी कुरतडत राहतं.

दहाव्या दिवशी दुपारी ताईने टाकी काठोकाठ भरली. ऊन मी म्हणत होतं. टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीचा एक सांधा हादऱ्यांनी सैल झाला होता. तिथून थेंब थेंब गळायला लागलं. थेंब तळात पडायचा आणि गरम तळावर लगेच त्याची वाफ व्हायची.

ताईला दोन दिवसांपासून सडकून सर्दी झाली होती. डोळे लाल, नाक चोंदलेलं. तिने झाकण उघडलं, वाकून वास घेतला. दोराच्या वेटोळ्यामागे पडलेली नळी दिसत नव्हती. वास आला नाही. आपलं नाक बंद आहे हे तिला माहीत होतं. छोट्याला हाक मारावी असं तिच्या मनात आलंही होतं, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं. पण तो धक्क्यावर उतारूंच्या सामानात गुंतला होता, आणि पंखा तर होताच की. तिने मला चालू केलं आणि घड्याळ बघितलं.

मी पूर्ण चार मिनिटं चाललो. वर माझ्या तोंडाशी स्वच्छ हवा होती. माझ्यापासून हातभर खाली ती वाफ पसरत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. धक्क्यावर अकरा माणसं रांगेत उभी होती. नर्स होती, पोस्टमन होता, दोन लेकरांना घेऊन एक आजी होती. माझा आवाज ऐकून सगळी निवांत.

चार मिनिटं भरली. ताईने किल्ली फिरवली.

स्टार्टरमध्ये ठिणगी पडली. पुढचं मला सलग आठवत नाही. खणाचं झाकण उडून पाण्यात पडलेलं आठवतं. एक दणका, मग पिवळं, मग धूर. मागची अर्धी बोट फाटली. ताई वाऱ्यावर उडालेल्या कपड्यासारखी पाण्यात फेकली गेली. छोट्याने धक्क्यावरूनच उडी घेतली. तो तिला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढला तेव्हा तिच्या दोन्ही हातांची कातडी मोज्यासारखी लोंबत होती, आणि ती एकच विचारत होती, की सगळे धक्क्यावरच आहेत ना, मोजा. नर्सने मोजली. अकराच्या अकरा. सगळी जशीच्या तशी उभी होती, फक्त आजीच्या कडेवरचं लेकरू भेदरून रडत होतं.

बोट कलंडली पण बुडाली नाही. तिला ओढून मिस्त्रींच्या वर्कशॉपच्या उतारावर आणून टाकलं. मी तिच्यातच होतो, एका बाजूने काळा झालेला. गंमत म्हणा किंवा थट्टा म्हणा, माझी मोटर शाबूत होती.

चौथ्या दिवशी एक तपासणी अधिकारी बाई आल्या. हातात टॉर्च, पायात गुडघ्यापर्यंत बूट. मिस्त्री आणि छोट्या बाजूला उभे होते. छोट्याच्या अंगावर तेच त्या दिवशीचे कपडे होते, चुरगळून वाळलेले. बाई खणात उतरल्या, बराच वेळ आत राहिल्या आणि वर येऊन म्हणाल्या, की पंख्याची नळी आगीने नाही निसटलेली, आधीच निसटलेली होती. तुटलेल्या पट्टीच्या कडेवर जुना गंज आहे.

छोट्याने खाली बघत म्हटलं, "दोर मी टाकला होता. त्या नळीवर."

मिस्त्रींनी त्याला हातानेच गप्प केलं. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी बोटीचा स्टार्टर जळाला होता. बोटीचा स्टार्टर माझ्यासारखाच बंद असतो, ठिणगी बाहेर येऊ देत नाही. तो मिळायला वेळ होता आणि बोट बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून मिस्त्रींनी मोटारगाडीचा, तसाच दिसणारा, आठवडाभरापुरता बसवला. तो आठवडा संपलाच नाही. "ज्याने तिला ठिणगीचं शिकवलं, त्यानेच ठिणगी आणून बसवली," असं म्हणून ते ओंडक्यावर बसले. त्या माणसाचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

अधिकारी बाईंनी दोघांचं लिहून घेतलं. आदल्या दिवशी त्या दवाखान्यात ताईकडेही जाऊन आल्या होत्या. म्हणाल्या, तिनेही हेच सांगितलं, की चूक माझी, नाक बंद असताना मी भावाला हाक मारली नाही.

"तुम्ही तिघंही बरोबर आहात," त्या वही मिटत म्हणाल्या. "यातली एकच चूक झाली असती तर बोट वाचली असती."

तिघंही. मी मनात म्हटलं, बाई, चौथा इथे लटकतोय. पण त्यांनी टॉर्च बंद केला होता.

मिस्त्रींनी मला सोडवून वर्कशॉपच्या फळीवर ठेवलं. तिथून मी पुढची दोन वर्षं पाहिली. ताई चार महिने दवाखान्यात होती. वाचली. एका कानाने ऐकू येईनासं झालं, उजव्या हाताची बोटं वळेनात. छोट्याने पाण्याकडे पाठ फिरवली. पलीकडच्या गावात गोदामात पोती उचलायला लागला. बहिणीच्या औषधपाण्याचं सगळं करायचा, तिला उचलून रिक्षात बसवायचा, पण तिच्या डोळ्यांकडे बघायचा नाही, असं मिस्त्री शिंपीकाकांना सांगत होते. मिस्त्रींनी स्वतः गाडीचे सुटे भाग दुकानातून काढून टाकले. कुणी "तात्पुरतं बसवून द्या" म्हणालं की त्याला वाटेला लावायचे.

मग एक दिवस सकाळी ताई वर्कशॉपात आली. हातावर घट्ट मोजे, मानेवर चकाकणारी नवी कातडी. बोटवाल्यांच्या संघटनेने तिला एक जुनी बोट मिळवून दिली होती, पेट्रोलचीच. ती उतारावर उभी होती. ताईने तिच्याभोवती एक फेरी मारली. मग तिची नजर फळीवर गेली. तिने मला ओळखलं. डाव्या हाताने खाली घेतलं आणि मिस्त्रींना तारा जोडायला लावल्या. मी फिरलो. घरघर होती, पण फिरलो.

मिस्त्री म्हणाले, "मोटर चांगली आहे. साफ करून देतो."

ताईने माझ्यावर हात ठेवला. तिला मोज्यातून काय कळलं कोण जाणे. "चालतोय," ती म्हणाली. "पण हा नको. याचा आवाज ऐकला की मी परत विश्वास ठेवीन."

मला वाईट वाटलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण तिचं बरोबर होतं. मी पुन्हा फळीवर गेलो, आणि नव्या बोटीत नवा पंखा आला.

तो बसवायच्या दिवशी ताई छोट्याला घेऊन आली. घेऊन आली म्हणजे जवळजवळ ओढून. तो दाराशीच थबकला. मिस्त्रींनी पंखा बसवला, नवी नळी तळापर्यंत नेली. मग ताईने स्क्रू ड्रायव्हर भावापुढे धरला.

"माझी बोटं वळत नाहीत. पट्टी तू आवळ."

"ताई, दुसऱ्या कुणाला सांग."

"दुसरं कुणी इतकी घट्ट आवळणार नाही."

त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला. मग वाकून खणात उतरला. एकाला दोन पट्ट्या लावल्या, दोन्ही आवळल्या. नळीला जागोजाग आधार दिला. दोर ठेवायला खणाबाहेर खुंट्या ठोकल्या. मग ताईने पंखा चालू केला, आणि तो एवढा आडदांड माणूस खणात पालथा पडला, गाल पार तळाला टेकवला आणि नळीचं टोक कानाशी धरलं.

"ओढतोय का?" ताईने विचारलं.

"ओढतोय," तो आतूनच म्हणाला.

"परत बघ."

त्याने परत बघितलं. मग उठून मिस्त्रींनाही बघायला लावलं, आणि मिस्त्री, गुडघे दुखत असूनही, उतरले.

मित्रांनो, ती बोट आता रोज जाते-येते. धक्क्यावरच्या लोकांनी चेष्टा करणं सोडलेलं नाही, पण आता त्यांच्यातलाच कुणी ना कुणी खाली वाकून नळीच्या टोकाशी हात धरून बघतो. सर्दी झालेली असली तर ताई दुसऱ्याचं नाक मागून घेते आणि त्यात तिला लाज वाटत नाही. मी फळीवर आहे. धूळ बसते, मिस्त्री कधीतरी पुसतात. मला कुणी बोल लावत नाही, आणि तेच मला जड जातं.

तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यात माझ्यासारखी कितीतरी यंत्रं गुणगुणत असतील. त्यांच्या आवाजावर जाऊ नका. काम जिथे व्हायचं असतं तिथे, अगदी तळापर्यंत, वाकून बघा. मिरवणाऱ्या भागाला पुसता तसं मागे अंधारात राबणाऱ्या नळीलाही कधी हात लावा. आणि एखाद्या दिवशी कुणी तुमचं कौतुक करत असेल, आणि तुम्हाला आतून पक्कं ठाऊक असेल, की कुठेतरी काहीतरी सुटलेलं आहे, तर त्या कौतुकात रमू नका. लगेच सांगून टाका. मी नऊ दिवस गप्प राहिलो, कारण मला बोलता येत नव्हतं, असं मी स्वतःला समजावतो. तुम्हाला तर बोलता येतं.